आधी बैठक, मग पाठ: सीपी असलेल्या मुलांचे पाय आखडू नयेत म्हणून घरी काय करायचं

मी तासगावचा सुतार. दारं, खिडक्या, चौरंग, देव्हारे करतो. माझी लेक अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. दोन्ही पाय ताठ, हात त्यापेक्षा बरे. आधार दिला की बसते, स्टँडिंग फ्रेममध्ये (आधारानं उभं राहायच्या चौकटीत) उभी राहते, आपलं आपण चालत नाही. घरात आणि दवाखान्यात सगळे 'सीपी' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

ती चार वर्षांची होईपर्यंत आमची समजूत अशी होती, की आठवड्यातून तीनदा अर्धा तास पाय ओढून घेतले की झाली फिजिओथेरपी. बाकीचा वेळ ती कशीही असायची. सोफ्याच्या कोपऱ्यात घसरलेली, झोळीत गुंडाळलेली, नाहीतर मधे खोलगट असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत रुतलेली. मग मिरजेला एका फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी पायाला हात लावण्याआधी सांगितलं, "ही दिवसभर कशी बसते, कशी झोपते, ते मला करून दाखवा." आम्ही दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिवसाचे चोवीस तास. त्यातला अर्धा माझ्याकडे. साडेतेवीस तुमच्याकडे."

त्या साडेतेवीस तासांत काय करायचं, ते इथे लिहितोय. प्रत्येक सीपीचं मूल वेगळं असतं, म्हणून यातलं काहीही सुरू करण्याआधी तुमच्या फिजिओला एकदा तुमच्या मुलावर करून दाखवायला सांगा.

पाय आखडतात का, आणि पाठीचा त्याच्याशी काय संबंध

मेंदूला झालेली इजा वाढत नाही. वाढतं ते हाड. धडधाकट मूल पळतं, उकिडवं बसतं, उड्या मारतं, आणि त्या ओढीनं स्नायू हाडाबरोबर लांब होतात. सीपीच्या मुलाचा स्नायू सतत आकसलेला असतो, त्याला ती ओढच मिळत नाही. हाड पुढे जातं, स्नायू मागे पडतो. सुरुवातीला नुसता ताठरपणा असतो, गाढ झोपेत पाय सैल पडतो. पुढे स्नायूच आखूड होतो, आणि मग सांधाही आवळतो. मग झोपेतही पाय पूर्ण सुटत नाही. यालाच डॉक्टर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी आहे. रात्री मूल गाढ झोपलं की हळूच गुडघा सरळ करून बघा. जेवढा झोपेत सुटतो तेवढा ताठरपणा, जो तरीही राहतो तो आखडलेपणा.

उंची झपाट्यानं वाढते तेव्हा धोका सर्वात जास्त. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी पेन्सिलीनं तिच्या उंचीच्या खुणा करतो (उभी करता येत नाही, म्हणून चटईवर मापून त्या खुणा चौकटीवर उतरवतो). दोन खुणांमधलं अंतर एकदम वाढलेलं दिसलं की आम्ही सावध होतो.

आता पाठ. आमच्याकडे येणारा जाणारा तिला सांगायचा, "सरळ बस बाळा, कुबड येईल." ती बिचारी प्रयत्न करायची आणि दमायची. तुम्ही स्वतः एक करून बघा. जमिनीवर पाय लांब सोडून बसा आणि पाठ ताठ करा. गुडघ्यामागे ओढ लागेल आणि पाठ आपोआप गोल होऊ लागेल. आता गुडघे वाकवा. पाठ वर येते. मांडीच्या मागचा स्नायू बुडाच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतो. तो आखूड असला की गुडघा सरळ करताना कमरेचं हाड मागे ओढलं जातं, आणि त्यावर उभा असलेला कणा कमानीसारखा वाकतो. डॉक्टर त्या हाडाला पेल्व्हिस म्हणतात. मी बैठक म्हणतो. बैठक ढळली तर वरचं कपाट कितीही ओढून उभं केलं तरी ते उभं राहत नाही.

याच्या उलट, खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड असले तर उताणं झोपल्यावर किंवा उभं राहिल्यावर कमरेखाली पोकळी पडते, पोट पुढे येतं. आणि दोन्ही गुडघे सतत एकाच बाजूला पडत असतील, तर बैठकीची एक बाजू वर चढते आणि कणा बाजूला वाकायला लागतो. न चालणाऱ्या मुलांना याचा सर्वात जास्त धोका असतो.

महिन्यातून एकदा मोजा

आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार ठरलेला आहे. गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर, पोर खुशीत असताना. साहित्य म्हणजे टिकल्यांचं पाकीट, मोबाइल, कोनमापक, वही आणि माझा ओळंबा.

एक टिकली खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडावर, दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, तिसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. लेक सतरंजीवर उताणी. मोबाइल पाटावर टेकवून, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून बाजूनं फोटो. मग फोटोत टिकल्या जोडल्या की कोन मिळतो. आधी आम्ही नुसत्या डोळ्यांनी बघायचो, आणि आई म्हणायची सुधारलाय, आजी म्हणायची बिघडलाय. टिकल्यांनी तो वाद मिटवला.

गुडघा दोनदा मोजायचा. एकदा पाय जमिनीला समांतर ठेवून, म्हणजे खुबा सरळ असताना. एकदा मांडी काटकोनात वर उचलून, दुसरा पाय खाली सरळ ठेवून. पहिल्या मापात कमतरता निघाली तर बहुधा सांधाच आवळलाय. दुसऱ्यात निघाली तर मांडीमागचा स्नायू आखूड आहे. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून हे वेगळं लिहून ठेवणं महत्त्वाचं. घोटाही दोनदा: गुडघा वाकवून टाच किती खाली येते आणि गुडघा सरळ ठेवून किती. वाकवल्यावर येते आणि सरळ केल्यावर येत नाही, असं असेल तर पोटरीचा वरचा, दोन सांध्यांवरून जाणारा स्नायू आखूड आहे. खुब्यासाठी एक गुडघा हळूच छातीकडे न्यायचा आणि दुसरी मांडी सतरंजीवरून किती उचलली जाते ते बघायचं. आणि शेवटी पाय सरळ ठेवून एकेक पाय बाजूला किती उघडतो ते. दुसऱ्या कुणीतरी बैठकीवर हात ठेवायचा, नाहीतर सगळी कंबरच फिरते आणि वाटतं पाय उघडला.

हे सगळं सावकाश करा. झटक्यानं केलं तर ताठरपणा आडवा येतो आणि आकडा खोटा निघतो. मोजण्यातच पाच-सात अंशांचा फरक पडतो, त्याचा घोर लावून घेऊ नका. सलग दोन-तीन महिने एकाच दिशेनं आकडा सरकत असेल, किंवा उजवा-डावा यांत फरक वाढत असेल, तर वही घेऊन फिजिओकडे जा.

पाठीसाठी तिला पाटावर बसवतो, आई समोरून खांदे धरते, आणि मी मागून मानेच्या खालच्या टेंगळावरून ओळंबा सोडतो. दोरी माकडहाडावर पडायला हवी. कितीही सरकली तरी अंतर वहीत लिहितो. दोन्ही अंगठे कमरेच्या हाडाच्या दोन बाजूंवर ठेवले की एक बाजू वर आहे का, तेही कळतं. मग तिला पालथं झोपवून पुन्हा बघतो. पालथं झोपल्यावर कणा सरळ दिसत असेल तर वाक अजून लवचीक आहे, बसण्यात सुधारणा करून तो सावरता येतो. पालथं झोपूनही वाक तसाच राहत असेल तर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

खुर्ची

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हे काम माझ्या हातातलं आहे आणि यात मी चुकाही जास्त केल्यात.

आधी मूल हातानं तपासा, मग लाकडाला हात लावा. मुलाला पाटावर बसवा, मागे बसून दोन्ही हातांनी बैठक धरा आणि हळूच सरळ करा. सरळ होत असेल तर खुर्ची त्या सरळ बैठकीला धरून ठेवणारी करायची. होत नसेल, खुबा काटकोनापर्यंत वाकतच नसेल, तर खुर्चीची पाठ तेवढी मागे झुकवावी लागते. जबरदस्तीनं काटकोनात कोंबलं तर तो कोन पाठीतून वसूल होतो, मूल गोल होऊन बसतं. लाकूड मी रंधून मापात आणतो. पोर मापात आणायची नसते, तिच्या मापाची खुर्ची करायची असते.

मापं. बुडापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माझ्या लेकीचं ३८ सेंटिमीटर भरलं. खुर्चीच्या बसायच्या फळीची खोली ३५ ठेवली, म्हणजे खळगी आणि फळी यांच्यात दोन बोटं जागा. खोली जास्त झाली तर मूल पुढे घसरतं, आणि पोक येण्याचं सर्वात साधं कारण तेच असतं. गुडघ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं माप पायात स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा) आणि बूट घालून घ्या. मी पहिल्यांदा अनवाणी घेतलं, आणि गुडघे दोन बोटं वर आले. रुंदी म्हणजे कमरेची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर. 'पुढे वाढेल' म्हणून रुंद खुर्ची करू नका. रुंद खुर्चीत मूल एका कुशीवर कलतं आणि कणा तसाच वळतो. वाढीसाठी मी पायाच्या फळीला दर दोन सेंटिमीटरवर भोकं पाडली आहेत, बोल्ट काढून खाली सरकवायची. पाठीची फळीही तशीच मागे सरकते.

पाय ठेवायची फळी पुढे काढू नका. आधीची माझी सगळ्यात मोठी चूक ही होती. मला वाटलं, पाय लांब सोडले की स्नायू ताणले जातील. झालं उलटं: गुडघा सरळ झाला की बैठक मागे ओढली जायची आणि पोर सरकत सरकत खाली. मांडीमागचे स्नायू आखूड असतील तर पावलं गुडघ्याच्या बरोबर खाली किंवा थोडी आत घ्यावी लागतात. त्यासाठी मी बैठकीच्या फळीची पुढची कड खालून तिरपी तासली, पोटरीला मागे जायला जागा झाली. त्या दिवशी तिची पाठ इतकी वर आली की आईनं विचारलं, खुर्ची बदललीत का.

पट्टा पोटावर नको. मांडी आणि पोट मिळतात त्या घडीत, बैठकीच्या फळीशी ४५ अंशांत, खाली आणि मागे ओढणारा. पायांची कात्री होत असेल, म्हणजे पाय एकमेकांवर चढत असतील, तर दोन गुडघ्यांच्या मधे ठोकळा लावतात. तो गुडघ्यांजवळ लावा, जांघेजवळ नाही. मूल घसरू नये हे काम पट्ट्याचं, ठोकळ्याचं नाही. मी सुरुवातीला तो आत लावला आणि तिची कातडी सोलवटली. ठोकळ्याला फोम आणि वर रेग्झिन.

कणा बाजूला कलत असेल तर तीन ठिकाणी आधार लागतो: ज्या बाजूला छाती बाहेर येते तिथे फासळ्यांवर एक, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला दोन, एक कमरेशी, एक वर फासळ्यांवर. वरचा आधार काखेत घुसता कामा नये, तिथल्या नसा दबतात. हे आधार कुठे लावायचे ते फिजिओनं पेनानं खूण करून द्यावं, सुतारानं अंदाजानं लावू नये. मान सावरत नसेल तर अख्खी खुर्ची थोडी मागे कलती करा, बसायची फळी आणि पाठीची फळी यांच्यातला कोन तोच ठेवून. नुसती पाठ मागे पाडली की पुन्हा घसरण सुरू.

समोर कोपराच्या उंचीला फळी. हात टेकले की धड स्थिर होतं, जेवताना आणि लिहिताना फरक लगेच दिसतो. आणि खुर्ची कितीही चांगली झाली तरी पाऊण-एक तासापेक्षा जास्त वेळ एकाच स्थितीत नाही.

जमिनीवर

आपल्या घरात निम्मं आयुष्य जमिनीवर असतं, म्हणून जमीन टाळा असं मी म्हणणार नाही. पाय लांब सोडून बसवणं टाळा, कारण वर लिहिलं तेच होतं. मांडी घालायला लावायची तर बुडाखाली चार इंचांचा पाट किंवा घट्ट घडी केलेली गोधडी द्या, बैठक उंच झाली की पाठ वर येते. दोन्ही पाय मागे बाहेर टाकून, बुड मधे जमिनीवर टेकून बसायची सवय बऱ्याच मुलांना असते, कारण त्यात हात मोकळे राहतात. ती एकदम बंद करू नका, मूल खेळणंच सोडेल. दुसरा पर्याय हाताशी द्या. आमच्याकडे लोड आहे, त्यावर घोड्यासारखी बसते, पाय दोन्हीकडे. लहान मुलाला कडेवर घेताना पाय तुमच्या कमरेभोवती फाकलेले राहतील असं घ्या. आडवं, पाय जुळवून उचलू नका. कडेवर घ्यायची आपली जुनी पद्धत खुब्याला चांगली आहे. झोळी मात्र तान्हेपणानंतर सोडून द्या, तिच्यात सगळे सांधे एकाच वेळी दुमडून राहतात.

उभं राहणं

स्टँडिंग फ्रेम मी १८ एमएमच्या प्लायची केली, मॅडमच्या कागदावरच्या आकृतीवरून. गुडघे पुढे जाऊ नयेत म्हणून फोमची फळी, कमरेला मागून रुंद पट्टा, पावलं एकमेकांपासून लांब. त्यांनी रोजचं लक्ष्य दिलंय एक तास, आठवड्यातून पाच दिवस, पाय फाकवून. आम्ही दहा मिनिटांपासून सुरू केलं, तासापर्यंत यायला अडीच महिने लागले. उभं राहून ती भुईमुगाच्या शेंगा फोडते, वाटाणे सोलते, गृहपाठ करते. नुसतं उभं करून ठेवलं तर पाचव्या मिनिटाला रडू येतं, तेव्हा हाताला काम द्याच.

मॅडमनी एक जुना अभ्यास सांगितला होता, तो माझ्या डोक्यात पक्का बसलाय. १९८८ साली फ्रान्समधल्या तार्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटरीचा खालचा स्नायू दिवसातून किती वेळ ताणलेला राहतो ते मोजलं. ज्या मुलांत तो सहा तासांच्या वर राहिला त्यांचं आखडणं वाढलं नाही, जिथे दोन तासांच्या आसपास राहिला तिथे वाढलं. मोजकीच मुलं होती, पण हिशोब डोळे उघडणारा आहे. दहा मिनिटं पाय ओढून काय होणार? आम्ही बेरीज केली: शाळेतले पाच तास पायात स्प्लिंट, घरी एक तास उभं राहणं. झाले सहा.

हातानं ताणायचं असेल तर

तरीही हातानं ताणणं आम्ही सोडलेलं नाही. सांधा मोकळा होतो, आणि आज कुठे अडतोय ते हाताला कळतं. पण पद्धत महत्त्वाची.

टाच ताणताना पावलाचा पुढचा भाग वर ढकलू नका. टाच तुमच्या तळहातात घ्या, पाऊल किंचित आतल्या बाजूला वळवा, टाच खाली ओढा आणि तळवा तुमच्या मनगटावर टेकू द्या. पुढूनच ढकलत राहिलं तर टाच तशीच वर राहते आणि पाऊल मधेच मोडून तळवा होडीसारखा बाहेर येतो. गुडघा ताणताना वाटीवर दाब देऊ नका, हात मांडीवर, वाटीच्या वर. पाय बाजूला उघडताना घोट्याला धरून ओढू नका, गुडघ्याच्या वर धरा. जिथे अडतं तिथे थांबा, अर्धा-एक मिनिट नुसतं धरून राहा, स्नायू स्वतःहून सुटला तरच पुढे जा. हिसका नाही.

मूल रडत असेल तर ते ताणणं नाही, भांडण आहे. आमच्या गल्लीत एक मालिश करणारी बाई होती, तिनं 'शीर मोकळी करते' म्हणून पाय दोन्हीकडे दाबले. लेक दोन दिवस पाय हलवू देईना. मॅडम नंतर म्हणाल्या, न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, असं करताना मांडीचं हाड मोडू शकतं. खुबा सरकलेला असेल तर तर हे आणखी धोक्याचं. तेल लावा, कोमट हातानं चोळा, मुलाला बरं वाटतं. तेलानं स्नायू लांब होत नाही एवढं मात्र लक्षात ठेवा.

आणि ताकद. ताठ स्नायू म्हणजे जोरकस स्नायू नव्हे, तो कमजोरही असतो. व्यायामानं ताठरपणा वाढतो असं पूर्वी सांगायचे, ते खरं नाही. आमची रोज स्टुलावरून आधारानं उठते-बसते, दहा वेळा, दोनदा. गुडघा सरळ करून टांगलेल्या चेंडूला लाथ मारते.

रात्र

गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवू नका. मुलाला आराम वाटतो, पण आठ तास गुडघा आणि खुबा दोन्ही वाकलेले राहतात. उताणं झोपवताना दोन्ही गुडघे एकाच बाजूला पडत असतील तर बाहेरच्या बाजूला गोधडीची घट्ट गुंडाळी आणि मधे लहान उशी. कुशीवर झोपत असेल तर दोन गुडघ्यांच्या मधे उशी, आणि रोज कूस बदला. बांधून ठेवायचं नाही. ज्या मुलाला फिट्स येतात, जेवण वर येतं किंवा श्वासाचा त्रास आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. दिवसा जागेपणी, नजरेसमोर, वीस-तीस मिनिटं पालथं झोपवा, खुब्याच्या पुढचे स्नायू मोकळे होतात. जेवल्यावर लगेच नको.

स्प्लिंट घालताना टाच मागे पूर्ण बसली का ते बघून आधी घोट्याचा पट्टा आवळा, मग बाकीचे. आत शिवण नसलेले सुती मोजे. काढल्यावर लाल ठसा अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे न्या. घालणं बंद करून कपाटात टाकू नका, आमच्याकडे एकदा तसं तीन महिने पडून राहिलं आणि गुडघा दहा अंशांनी मागे गेला.

खुब्याचा एक्स-रे

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. ती पाच वर्षांची होईपर्यंत ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी कुणीही खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. खुबा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो आणि सुरुवातीला दुखत नाही. चालणाऱ्या मुलांत हे क्वचित होतं, पण अजिबात न बसू शकणाऱ्या मुलांत दहातल्या नवांपर्यंत होतं, असं २००६ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं; सगळी सीपीची मुलं मिळून तिघांत एक. म्हणून न चालणाऱ्या मुलाचा एक्स-रे दोन वर्षांचं होण्याआधी एकदा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. डॉक्टरांना विचारा, "मायग्रेशन पर्सेंटेज किती?" म्हणजे खुब्याचा गोळा खोबणीच्या बाहेर किती टक्के गेलाय. ३० टक्क्यांच्या वर असेल तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच. एक्स-रे काढताना बैठक सरळ आणि गुडघे छताकडे हवेत. पाय वाकडे असताना काढलेल्या फिल्मवरून सांगितलेला आकडा फसवतो. स्वतः आत जाऊन पाय धरा, शिशाचा एप्रन देतात.

लंगोट किंवा चड्डी बदलताना रडणं, एक मांडी आखूड दिसणं, एक पाय पूर्वीपेक्षा कमी उघडणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तिच्या जांघेतले स्नायू साडेपाचाव्या वर्षी ऑपरेशन करून सैल केले. खुबा तेव्हापासून जागेवर आहे. सातव्या वर्षी उजवा गुडघा सरळ व्हायला वीस अंश कमी पडत होता. दर आठवड्याला बदलणारी प्लास्टरं घातली आणि तो दहावर आला. बोटॉक्सचं इंजेक्शन ताठरपणासाठी आहे, आवळलेल्या सांध्यासाठी नाही, हे आम्हाला समजावून सांगितलं गेलं म्हणून पैसे वाचले. टाचेच्या ऑपरेशनची घाई करू नका. तिथला स्नायू प्रमाणाबाहेर सैल झाला तर मूल गुडघे वाकवून चालू लागतं, आणि ते परत सुधारणं फार अवघड. ऑपरेशन सुचवलं तर एवढं विचारा: नंतर स्प्लिंट किती महिने, व्यायाम कोण घेणार, आणि पुढच्या वाढीत काय होईल.

खर्चाचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) काढा, सीपी २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत खुर्ची, स्प्लिंट मिळतात, पण शिबिरात मिळालेली खुर्ची मापाची नसेल तर तशीच वापरू नका, सुताराकडून आत फोम आणि फळ्या बसवून घ्या. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला डीईआयसी म्हणतात, फिजिओथेरपी विनामूल्य असते.

दवाखान्यात जाताना वही, टिकल्यांचे फोटो आणि सगळ्या जुन्या एक्स-रे फिल्म एका पिशवीत न्या. फिल्मच्या कोपऱ्यात तारीख आणि तेव्हाचं वय मार्करनं लिहा, आणि फिल्म घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. खुर्चीत बसलेल्या मुलाचा समोरून आणि मागून काढलेला फोटोही असू द्या, कारण तपासणीच्या टेबलावर आडव्या झोपलेल्या मुलाची बैठक डॉक्टरांना दिसत नाही.